गळा मागाहून आला

१९९८ साली न्यूयॉर्कमधल्या एका पियानोवादक बाईनं अख्खा अल्बम गाऊन काढला. तोवर सोळा-सतरा वर्षं जाझच्या जगात तिची ओळख होती ती तिच्या बोटांमुळे. आधीच्या अल्बमांत अधूनमधून तिचा आवाज कानावर पडायचा, पण तोंडी लावण्यापुरता. बाईचं नाव एलियानी एलियास. जन्म ब्राझीलमधल्या साओ पाउलोचा, १९६० चा. आठ वर्षांपूर्वी, १९९० मध्ये, ब्राझीलचा संगीतकार आंतोनियो कार्लोस जोबीम याच्या रचनांचा तिचा एक अल्बम आला होता, ‘एलियानी एलियास प्लेज जोबीम’. या नव्या अल्बमचं नाव होतं ‘एलियानी एलियास सिंग्ज जोबीम’. संगीतकार तोच, कलाकार तीच, शब्द फक्त एक बदललेला. वाजवते होतं, तिथं गाते आलं.

या एका शब्दात काय काय दडलंय, ते मला इथं उलगडून पाहायचं आहे. मी पेटी वाजवतो, गाणाऱ्यांची साथ करतो. गाणं आणि वाजवणं एकाच माणसानं करायचं म्हटलं की काय होतं हे मला रोज दिसतं, आणि म्हणूनच हे प्रकरण बरीच वर्षं माझ्या मनात घर करून आहे.

आधी धोका समजून घेऊ. जाझमध्ये उत्तम पियानो वाजवणारा माणूस गायला लागला की लोक त्याचा पियानो विसरतात. नॅट किंग कोल हे त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण. पियानो, गिटार आणि बास (खालच्या सुरांचं मोठं तंतुवाद्य) एवढ्या तीन वाद्यांवर उभं असलेलं त्याचं त्रिकूट चाळीसच्या दशकात नव्या वादकांसाठी वस्तुपाठ होतं. मग १९४८ मध्ये ‘नेचर बॉय’ गाजलं, दोन वर्षांनी ‘मोना लिसा’ आलं, आणि तो गायक झाला. त्याची रेशमी गाणी आवडीनं ऐकणाऱ्या कित्येकांना तो काय तोडीचा पियानोवादक होता याचा पत्ताच नसतो. बाईच्या बाबतीत तर गाडी आणखी उताराला लागलेली. बँडमधली बाई म्हणजे गाणारी, असाच समज होता. शर्ली हॉर्नसारखी एखादी, जिनं स्वतःच्या गाण्याला स्वतः पियानो वाजवत दोन्हींचा मान राखला, ती अपवाद.

त्यातून एलियानी ब्राझीलची. न्यूयॉर्कला ब्राझीलच्या गाण्याचं एक ठरलेलं चित्र होतं. नोव्हेंबर १९६२ मध्ये कार्नेगी हॉलला बोसा नोव्हाची, म्हणजे सांबाच्या ठेक्यावरच्या हळुवार ब्राझिली गाण्यांची, मैफल झाली, १९६४ मध्ये सॅक्सोफोनवाला स्टॅन गेट्झ आणि ब्राझीलचा गायक-गिटारवादक ज्वांव जिल्बेर्तो यांचा अल्बम आला, त्याला ग्रॅमीचा वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला, आणि त्यातलं इपनेमाच्या मुलीचं गाणं घरोघरी पोचलं. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत ते हॉटेलांच्या लॉबीत वाजून वाजून गुळगुळीत झालं. अशा वेळी एकवीस वर्षांची ब्राझीलची मुलगी तिथं येते. पहिल्याच दिवशी ती गायला लागली असती तर त्या चित्रात अलगद बसली असती आणि पुन्हा कधी बाहेर पडली नसती, असं मला ठामपणे वाटतं.

ती आली ती पियानो घेऊन. आई शास्त्रीय पियानो वाजवणारी, आणि घरात जाझच्या रेकॉर्डी. सातव्या वर्षी शिक्षण सुरू झालं. बाराव्या वर्षी ती मोठ्या जाझ वादकांचे सोलो रेकॉर्डवरून ऐकून कागदावर उतरवत होती. हे काम किती किचकट असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळतं. सुई उचलायची, मागं ठेवायची, दोन सेकंदांचा तुकडा वीसदा ऐकायचा, कॉर्डमधला, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यातला, मधला सूर कुठला ते शोधायचं, आणि मग ते सगळं बोटांत बसवायचं. आपल्याकडे तालमीत गुरूच्या तोंडून जे मिळतं, ते या लोकांनी रेकॉर्डच्या खाचांतून उकरून काढलं.

साओ पाउलोत तेव्हा क्लाम नावाची शाळा होती, झिंबो त्रिओच्या वादकांनी काढलेली. हे त्रिकूट १९६४ पासून सांबा आणि जाझ एकत्र वाजवत होतं. पियानोवर आमिल्टन गोदॉय. एलियानी तिथं शिकली आणि पंधराव्या वर्षी तिथंच शिकवायला लागली. सतरा वर्षांची असताना तिला गिटारवादक-गायक तोकिन्यो आणि व्हिनिसियस द मोराइस यांच्या साथीला बोलावणं आलं. व्हिनिसियस म्हणजे बोसा नोव्हाचा कवी. जोबीमच्या कितीतरी चालींवरचे शब्द त्याचे. कविता लिहिणारा हा माणूस पेशानं मुत्सद्दी होता, लष्करी राजवटीनं त्याला परराष्ट्र खात्यातून काढून टाकलं होतं. जवळपास तीन वर्षं ती त्या दोघांबरोबर गावोगाव हिंडली. म्हणजे ज्यांनी ही गाणी जन्माला घातली त्यांच्यापैकी एकाच्या शेजारी बसून ती गाणी रोज संध्याकाळी वाजवायची, आणि तोंड मात्र मिटलेलं. गाणाऱ्याचा श्वास कुठं तुटतो, शब्द कुठं लांबतो, कवी कुठं थांबून दोन वाक्यं बोलतो, हे सगळं साथीदाराला हातानं ओळखावं लागतं. माझ्या मते तिच्या गाण्याची खरी तालीम ती हीच.

जुलै १९८० मध्ये व्हिनिसियस गेला. १९८१ मध्ये एलियानी पॅरिसला असताना बासवादक एडी गोमेझ भेटला, त्यानं तिला न्यूयॉर्कला जायला सांगितलं, आणि त्याच वर्षी ती गेली. स्टेप्स अहेड या ग्रूपमध्ये तिला जागा मिळाली. मायकल ब्रेकर, माइक मायनिएरी, पीटर अर्स्किन, स्वतः गोमेझ, सगळे एकापेक्षा एक तयारीचे. १९८३ च्या त्यांच्या अल्बमवर पियानो तिचा आहे. ते संगीत सांबाचं नव्हतं. अमेरिकन जाझ, वेगवान, कोनदार. तिथं ती टिकली, आणि मग १९८६ पासून स्वतःच्या नावाचे अल्बम काढायला लागली. ब्राझील ठळकपणे परत आलं ते १९९० च्या जोबीमच्या अल्बममध्ये, आणि तेही पियानोच्या वाटेनं. बासवर गोमेझ, ड्रम्सवर जॅक डीजॉनेट, तालवाद्यांवर ब्राझीलचा नाना व्हास्कोन्सेलोस.

आता जरा तालाकडे वळू, कारण सगळी मेख तिथं आहे. बोसा नोव्हाचा सांगाडा मराठी माणसाला हातावर समजावता येतो. सोळा मात्रा मोजा, आपला तीनताल मोजतो तशाच. डावा हात मांडीवर चार ठिकाणी पडू द्या, १, ५, ९, १३. त्यातले १ आणि ९ अगदी दबके, ५ आणि १३ घुमणारे. सुर्दो नावाचा मोठा ढोल सांबात हेच करतो. एक ठोका कोंडून धरतो आणि पुढचा मोकळा सोडतो. आता उजव्या हातानं टेबलावर टिचक्या मारा, १, ४, ७, ११, १४ या मात्रांवर. दोन्ही हात एकत्र चालवून पाहा. सम सोडली तर ते कुठंच भेटत नाहीत. पाचची थाप यायच्या एक मात्रा आधीच टिचकी वाजून गेलेली असते, आणि तेराची थाप पडली की टिचकी एक मात्रा मागून येते. पुढं झुकलेली आणि तरी न धावणारी ती लय इथून येते. तीनतालात टाळी असलेल्या पाच आणि तेरावरच सुर्दो घुमतो हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. एवढ्यावरून दोन्ही ताल एक आहेत असं मात्र समजू नये. त्यांचं वजन वेगळं, चाल वेगळी, आणि वाजवणारे हा सांगाडा जसाच्या तसा धरून बसतही नाहीत.

ज्वांव जिल्बेर्तोनं पन्नासच्या दशकाच्या अखेरीला हा अख्खा सांबाचा ताफा एका गिटारीत आणला. (ज्वांव म्हणजे गोव्यातल्या सांजांव सणातला तोच जांव. पोर्तुगीजांचं हे नाव दोन्ही किनाऱ्यांवर गेलं. तसा काजू तिकडून इकडं आला, झाडही आणि नावही.) त्याचा अंगठा म्हणजे सुर्दो, बाकीची बोटं म्हणजे तांबोरीम, म्हणजे काठीनं वाजवायची ती तळहाताएवढी डफली. आणि गाणं त्या दोन्हींच्या वर, अगदी हलक्या आवाजात, तालाच्या किंचित मागं रेंगाळणारं. आधीचे रेडिओगायक खुल्या गळ्यानं गायचे. हा माइकच्या जवळ बसून बोलल्यासारखा गायला. आपल्याकडे नाट्यगीत मागच्या रांगेपर्यंत फेकावं लागायचं आणि भावगीत माइकपाशी कुजबुजता आलं, साधारण तसाच हा फरक.

पियानोवर हे आणायचं तर अडचण अशी की पियानो गिटारीहून फार मोठा आहे. डाव्या हातानं खालचा सुर्दो वाजवला तर बासवादकाची आणि त्याची टक्कर होते. दोघंही तळाशी बोलू लागले की सगळं गढूळ होतं. एलियानीचं वादन ऐकताना मला वाटतं ती डाव्या हातातून तळ काढून घेते. तळ बासकडे देते आणि स्वतःच्या डाव्या हाताला मधल्या पट्टीत तांबोरीमचं काम लावते, तोकड्या कॉर्ड, तुटक. उजवा हात मग मोकळा राहतो, बारा वर्षांच्या वयापासून उतरवलेल्या त्या सगळ्या जाझच्या ओळींसाठी. जाझची ओळ झुलणारी असते आणि ब्राझीलची लय सरळ पण तिरकी चालणारी. या दोन्ही एकाच वेळी एका माणसाच्या दोन हातांत नांदतात. याला सगळे मिश्रण म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. कालवलं की दोन्ही चवी जातात. इथं कामाची वाटणी आहे आणि दोन्ही चवी शाबूत आहेत.

मग गळ्यासाठी जागा कुठून आली? १९९८ च्या अल्बमचा वादकवृंद पाहिला की उत्तर मिळतं. गिटारवर ऑस्कर कास्त्रो-नेव्हेस, जो १९६२ च्या त्या कार्नेगी हॉलच्या मैफलीत वाजवणाऱ्यांपैकी होता. ड्रम्सवर पाउलो ब्रागा, ज्यानं ब्राझीलची गायिका एलिस रेजिना आणि खुद्द जोबीम यांच्यामागे वर्षानुवर्षं वाजवलं. बासवर मार्क जॉन्सन. सॅक्सोफोन मायकल ब्रेकरचा. १९९० च्या अल्बममध्ये ठेक्याचा बराच भार पियानोच्या डाव्या हातावर होता, असं ऐकताना वाटतं. १९९८ मध्ये तो भार गिटार आणि ड्रम्सनी उचलला, आणि तोही त्या मातीतच मुरलेल्या माणसांनी. डावा हात रिकामा झाला, आणि त्या रिकाम्या जागेत गाणं आलं.

पेटीवाल्याच्या नजरेतून इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. आपण पेटी घेऊन गातो तेव्हा हात गळ्यामागं चालतो. गळ्यानं जो सूर घेतला तोच बोट दाबतं, सावलीसारखं. मैफलीत साथ करतानाही बहुतेक वेळ तेच. एलियानीचा हात गळ्याची सावली होत नाही. गळ्यात जो सूर चालू आहे तो ती पियानोवर शक्यतो वाजवतच नाही. त्याच्या खालचे, बाजूचे सूर देते, आणि ओळ संपली की त्या श्वासाच्या जागेत उजवा हात दोन-तीन सुरांत बोलून घेतो. मी हे करून पाहिलंय. गळा एक ओळ म्हणतोय आणि बोटांनी ती ओळ टाळायची, हे सुरुवातीला जीभ आणि हात एकमेकांशी भांडल्यासारखं होतं. ज्यानं आयुष्यभर सावली व्हायची सवय लावून घेतली त्याला तर फारच. तिला हे साधलं, कारण व्हिनिसियस आणि तोकिन्योच्या साथीत तिचे हात आधीच दुसऱ्याच्या गळ्याला वाट करून द्यायला शिकले होते. १९९८ मध्ये तो गळा तिचा स्वतःचा होता, एवढंच.

जोबीमच्या चाली याला फार पोषक. त्याची एका सुराची सांबा घ्या. चाल एकाच सुरावर ठाण मांडून बसते आणि खालच्या कॉर्ड घसरत राहतात. आपला षड्ज तंबोऱ्यात पक्का असतो आणि सूर त्याच्याभोवती हिंडतात. इथं सूर जागेवर आणि षड्जच पायाखालून सरकतोय असं वाटतं. तोच एक सूर प्रत्येक कॉर्डवर नवा चेहरा घेतो. मूर्च्छना समजावताना आपण षड्ज हलवून जे दाखवतो त्याच्या जवळपासचा हा अनुभव. अशा चालीत गळ्याला फार करायचं नसतं, हातांनाच गोष्ट सांगायची असते. एलियानीचा आवाज मोठा नाही. खालच्या पट्टीतला, उबदार, थोडा श्वास मिसळलेला. तिनं तो मोठा करायचा प्रयत्नच केला नाही, हे मला तिच्या शहाणपणाचं लक्षण वाटतं.

यानंतरची वीस-पंचवीस वर्षं सगळी सारखी नाहीत. २००४ च्या ‘ड्रीमर’मध्ये मागं ऑर्केस्ट्रा आहे, गाणी बरीच इंग्रजीत. मला तिथं ती थोडी लांब गेल्यासारखी वाटते. पोर्तुगीजमधले नाकातले स्वर एकमेकांत विरघळतात, शब्द तालावर तरंगत राहतो. इंग्रजीची कडक व्यंजनं खिळ्यासारखी ठोकली जातात आणि रेंगाळायला वाव कमी मिळतो. २०११ चा ‘लाइट माय फायर’ही माझ्या मनाला तितका भिडला नाही. हे मत माझं. अनेकांना हेच अल्बम सगळ्यात जवळचे आहेत आणि तिचा श्रोतृवर्ग त्यांनीच वाढवला.

पण मधे एक अल्बम आहे ज्यापाशी मला थांबावंसं वाटतं. मार्क जॉन्सन हा पियानोवादक बिल इव्हान्सच्या शेवटच्या त्रिकुटातला बासवादक. एडी गोमेझही त्याच्या आधी अकरा वर्षं इव्हान्सबरोबर होता. म्हणजे एलियानीच्या आयुष्यातले दोन्ही महत्त्वाचे बासवादक एकाच घराण्यातून आलेले, आणि जॉन्सन तर पुढं तिचा नवरा. सप्टेंबर १९८० मध्ये इव्हान्स वारला. त्याच्या थोडं आधी त्यानं जॉन्सनच्या हातात एक कॅसेट दिली होती, नव्या रचना वाजवून भरलेली, कुठंही प्रसिद्ध न झालेल्या. त्यातलं काही एलियानीनं पंचवीसेक वर्षांनी इव्हान्सवरच्या आपल्या अल्बममध्ये घेतलं, गाऊन आणि वाजवून. साओ पाउलोत लहानपणी जी मुलगी रेकॉर्डवरून सूर उतरवत होती, तिच्यासमोर आता त्याच परंपरेतल्या माणसाची कॅसेट होती, आणि ती ऐकलेले लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

इथं मुंबईच्या गोवेकर वादकांची आठवण येते. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले, हॉटेलांत जाझ वाजवणारे, दिवसा फिल्म स्टुडिओत साठ-साठ वादकांचे संच बांधणारे. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा. त्यांच्याही हातात तीन-तीन परंपरा होत्या, आणि वाटणी त्यांनाही उत्तम जमत होती. पण त्यातल्या बहुतेकांच्या कामावर, रेकॉर्डवर, पाटी दुसऱ्या कुणाच्या नावाची असायची. एलियानीला स्वतःच्या नावानं एकामागून एक अल्बम काढता आले, चुकता आलं, परत फिरता आलं. इतक्या लांबच्या प्रवासाला ही सवलत लागतेच.

परत फिरण्याचा अर्थ २०१५ मध्ये शब्दशः खरा झाला. ‘मेड इन ब्राझील’ हा अल्बम तिनं ब्राझीलमध्ये ध्वनिमुद्रित केला, अमेरिकेला गेल्यानंतर पहिल्यांदाच. मधे चौतीस वर्षं गेली होती. आरी बारोसोच्या १९३९ च्या ब्राझीलगीतापासून ते तिच्या स्वतःच्या रचनांपर्यंत सगळं त्यात आहे, पाहुण्यांत बोसा नोव्हाच्या पहिल्या पिढीतला रोबेर्तो मेनेस्काल आहे, आणि गायला तिची मुलगी अमांडाही आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये लॅटिन जाझचं ग्रॅमी या अल्बमला मिळालं. आधी बरीच नामांकनं होऊन गेली होती, बक्षीस हे पहिलं. २०१७ मध्ये ‘डान्स ऑफ टाइम’ आला, त्यात पाहुणे म्हणून कोण, तर तोकिन्यो आणि आमिल्टन गोदॉय. सतराव्या वर्षी ती ज्याच्या साथीला बसली तो, आणि पंधराव्या वर्षी जिथं शिकवलं त्या शाळेचा. या अल्बमला त्याच वर्षीचं लॅटिन ग्रॅमी मिळालं, जे मूळ ग्रॅमीहून वेगळं बक्षीस आहे.

आता सुरुवातीच्या धोक्याकडे येऊ. गळा आला, मग पियानो गेला का? २०१८ मध्ये एक जुनं ध्वनिमुद्रण बाहेर आलं, ‘मॅन ऑफ ला मांचा’ या ब्रॉडवे नाटकाच्या गाण्यांचं. ते १९९५ मध्येच झालं होतं, नाटकाचा संगीतकार मिच लीनं तिच्याकडून करून घेतलेलं. गळा अजिबात नाही, पियानो आणि साथीला बास-ड्रम्स, आणि ब्रॉडवेच्या चाली ब्राझीलच्या तालांत. गायचं ठरवण्याच्या तीन वर्षं आधी तिचे हात कुठं होते याचा तो नमुना. तो ऐकून मग २०२१ चा ‘मिरर मिरर’ लावावा. हा अल्बमही गळ्याविना. दोन पियानो, दुसऱ्या पियानोवर काही ठिकाणी क्यूबाचा चुचो वाल्देस आणि काही ठिकाणी चिक कोरिया, जो अल्बम निघायच्या आत, त्या फेब्रुवारीत, वारला. याला तिचं दुसरं ग्रॅमी मिळालं.

त्यात कोरियाबरोबरची ‘ब्लू बोसा’ आहे. ही रचना केनी डॉरहॅम या अमेरिकन ट्रंपेटवाल्याची, १९६३ मध्ये रेकॉर्डवर आलेली. या ध्वनिमुद्रणात बास नाही, ड्रम्स नाहीत, गिटार नाही. इतकी वर्षं जो तळ तिनं दुसऱ्यांकडे सोपवला होता तो आता दोन डाव्या हातांनी आपसांत वाटून घ्यायचा आहे. एक जण ओळ घेतो तेव्हा दुसऱ्याचा डावा हात खाली उतरून भार सांभाळतो, मग अदलाबदल होते. ती ओळ घेते तेव्हा नीट ऐका. उजव्या हाताच्या वाक्यांना श्वासाच्या जागा आहेत, गाणाऱ्याला लागतात तेवढ्याच लांबीच्या.